टिक्झमध्ये (लाटेक्समध्ये कोड लिहून चित्रं काढायचं पॅकेज) मेट्रोचा नकाशा काढताना रेषा तुटते, नावं एकमेकांवर चढतात. कोऑर्डिनेट किती ठेवू?

तुम्ही विचारलंय की प्रोजेक्ट रिपोर्टसाठी नागपूर मेट्रोचा साधा नकाशा काढून राहिलो, बर्डीपाशी (सीताबर्डी स्टेशन) ऑरेंज आणि अ‍ॅक्वा लाइन नीट जुळत नाहीत, तर कोऑर्डिनेट किती द्यायचे. आकडा देऊन उपयोग नाही, स्टेशनं एकमेकांच्या नात्याने मांडा: ‘हे त्याच्या खाली’ असं. उद्या लक्षात आलं की काँग्रेस नगर आणि अजनी चौकाच्या मधली रहाटे कॉलनीच राहून गेली, की खालचे सगळे आकडे पुन्हा बदलत बसाल.

आधी तुटलेली रेषा. स्टेशनाच्या जागी तुम्ही महिरपी कंसात काहीच न लिहिता नोड (मजकूर किंवा ठिपका ठेवायची चौकट) टाकला असणार. रिकामा नोड म्हणजे बिंदू नव्हे. त्याच्या चारही बाजूंना इनर सेप, म्हणजे आतली मोकळी जागा, असतो, मुळात ०.३३३३ एम (एम हे अक्षराच्या आकारावर ठरणारं माप). दहा पॉइंटच्या अक्षरात हा न दिसणारा चौकोन २.३ मिमीचा होतो आणि रेषा त्याच्या कडेलाच थांबते. नुसता बिंदू हवा असेल तिथे कोऑर्डिनेट ही कमांड वापरा, तिला आकारमानच नसतं.

ठिपका दाखवायचा असेल तर नोड ठेवा, पण रेषा ओढताना प्रत्येक नावापुढे टिंब देऊन सेंटर लिहा. नुसती नावं जोडत गेलात तर रेषा एका कडेला संपते आणि पलीकडच्या कडेपासून नव्याने सुरू होते, म्हणजे पाथचे (सलग रेषेचे) तुकडे पडतात. मग स्टेशनापाशी वळण असेल तर राउंडेड कॉर्नर्स ४ पॉइंट द्या की १०, कोपरा गोल होत नाही. सेंटरमधून नेलेली रेषा अखंड राहते. ती बॅकग्राउंड लेयरवर (मागच्या थरावर) टाका आणि ठिपक्यांना पांढरा फिल द्या. काम झालं.

आता अंतर. जुन्या लिखाणात ‘बिलो ऑफ=बर्डी’ असं दिसेल, ते सोडा. पोझिशनिंग लायब्ररी घेऊन ‘बिलो=ऑफ बर्डी’, म्हणजे बर्डीच्या खाली, असं लिहा. बरोबरचं चिन्ह कुठे आहे यावर सगळं बदलतं: जुन्या पद्धतीत अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत मोजतात, नव्यात कडेपासून कडेपर्यंत. बर्डी हे दोन्ही लाइनचं स्टेशन, म्हणून तिचं वर्तुळ ६ मिमी आणि बाकीची ३ मिमी ठेवली, नोड डिस्टन्स (दोन नोडमधलं अंतर) १० मिमी दिलं, तर बर्डी ते काँग्रेस नगर केंद्रांमधलं अंतर १४.५ मिमी येतं आणि पुढच्या दोघांत १३. डोळ्याला ते खुपतं. ऑन ग्रिड हा पर्याय लावला की नव्या पद्धतीतही केंद्रापासून मोजणी होते. आणि ठिपक्यांचा इनर सेप शून्य करा, नाहीतर ३ मिमीचं मिनिमम साइझ लागूच होत नाही. रिकामं वर्तुळ मुळातच ३.३ मिमीचं निघतं. तिरकं अंतर देताना ‘१ सेमी अँड २ सेमी’ यातला पहिला आकडा उभा, दुसरा आडवा. कोऑर्डिनेटच्या नेमका उलट, म्हणून हमखास घोळ होतो.

काटकोनी जोडणीसाठी -| (आधी आडवं, मग उभं) किंवा |- आहेच. तिच्यावर लेबल लावताना मिडवे (म्हणजे पॉस, रेषेवरची जागा, ०.५) लिहू नका: या रेषेत ०.५ म्हणजे बरोबर कोपरा. पहिल्या भागाच्या मध्यावर हवं तर पॉस ०.२५ द्या.

मराठी नावांचा वेगळा ताप. सुभाष नगरमध्ये उकार आहे, शंकर नगरमध्ये नाही. त्यामुळे अबोव्ह म्हणून लावलेली नावं एका ओळीत बसत नाहीत, एक किंचित वर चढतं. सगळ्या नावांना एकच टेक्स्ट हाइट (ओळीच्या वरची उंची) आणि टेक्स्ट डेप्थ (ओळीखालची खोली) द्या; २ ex आणि ०.७ ex (ex हेही फॉन्टवर ठरणारं माप) यांपासून सुरुवात करा, फॉन्ट पाहून कमीजास्त करा. अ‍ॅक्वा लाइन आडवी आहे आणि नावं लांब, म्हणून ती ४५ अंशात फिरवा: ठिपक्याच्या ४५ अंशाच्या अँकरवर (कडेवरच्या बिंदूवर) वेगळा नोड, त्याला रोटेट ४५ आणि अँकर वेस्ट.

एकमेकांवर चढणाऱ्या नावांमागे स्केल (चित्र लहानमोठं करायचा पर्याय) असेल, तुम्ही लिहिलं नसलं तरी. ग्राफपेपरवर मोजून आकडे टाकणारी एक जमात आपल्याकडच्या कॉलेजांत अजून टिकून आहे. ‘दिसते ना बरोबर, मग काय बे?’ हा त्यांचा युक्तिवाद. दिसते, पानात मावेपर्यंत! मावली नाही की हे स्केल ०.६ करतात. स्केलने कोऑर्डिनेट जवळ येतात, नोड आणि अक्षरं होती तेवढीच राहतात. मग ट्रान्सफॉर्म शेप लावतात, अक्षरंही लहान होतात आणि नावं वाचायला भिंग लागतं. नात्याने मांडलेल्या नकाशात नोड डिस्टन्स एकाच ठिकाणी बदलायचं असतं. या वादात समोरच्याने स्केलचं उत्तर दिलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

मात्र नकाशा शहराच्या खऱ्या आकाराप्रमाणे हवा असेल, रस्त्यांच्या वळणांसकट, तर आकड्यांशिवाय इलाज नाही. तेव्हाही आकडे फक्त कोऑर्डिनेट कमांडमध्ये, फाइलच्या सुरुवातीला एकत्र ठेवा. ठिपके, रेषा आणि नावं त्या नावांवरूनच काढा.