विमानाने गरवायला येताना

प्रश्न : आम्ही मूळचे देवगडकडचे, पण गेली वीस वर्षं हैदराबादला आहोत. नोव्हेंबरच्या शेवटी मी आणि माझा तेरा वर्षांचा मुलगा पाच दिवस वेंगुर्ल्याजवळ राहून किनाऱ्यावरून मासे गरवणार आहोत. माझ्याकडे बारा फुटी दोन रॉड आहेत, दोन-दोन तुकड्यांचे. शिवाय दोन रीळं, गळांचा डबा, वजनाला लावायचं शिसं, चाकू, डोक्याला लावायची बॅटरी. विमानाने गोव्यातल्या मोपाला उतरायचा विचार आहे. हे सगळं विमानातून आणता येतं का? रॉड मोडतील अशी धास्ती वाटते. की सगळं तिथेच विकत घ्यावं?
– एक वाचक, हैदराबाद

उत्तर : तुमचं पत्र वाचल्यावर मी आधी पंचांग उघडलं. सामानाचं सांगतेच, पण तिकीट अजून काढलं नसेल तर थांबा आणि तिथी बघा. आमच्याकडे भरतीचा हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणपट करा, की भरती पूर्ण व्हायची वेळ येते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पुनवेला सव्वाअकरा. पहाटेची आणि संध्याकाळची, दोन्हीकडे तोच आकडा, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. म्हणजे दशमी-एकादशीला दिवस मावळताना पाणी चढत असतं आणि अंधार पडल्यावरही दोनेक तास चढतच राहतं. मासा काठाला येतो तो याच वेळी. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, त्याला ओढ कमी. एकादशीनंतर ओढ वाढत जाते. तुमचे पाच दिवस नवमी ते त्रयोदशी असे बसवता आले, तर तुमच्या रॉडच्या किमतीपेक्षा ते मोलाचं ठरेल. माझे आजोबा म्हणायचे, "पयलां पाण्याक ईचार, मगे गरी टाक." विमानाने येणाऱ्याने पाण्याला विचारायचं ते तिकीट काढण्याआधी.

आता सामान. रॉड, गळ, चाकू, पक्कड, कात्री, यातलं काहीही केबिनमध्ये नेऊ नका, सगळं चेक-इनमध्ये द्या. रीळसुद्धा मी चेक-इनमध्येच देते. तंगूस, म्हणजे गरवायचा नायलॉनचा धागा, भरलेलं रीळ बघून सुरक्षा तपासणीला प्रश्न विचारले जातात, आणि तिथे वाद घालण्यात अर्थ नसतो, त्यांचं काम ते करत असतात. रीळ रॉडवरून काढायचं, ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, पूर्ण सैल करायचा, हँडल दुमडायचं आणि जाड टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवायचं. गळ डब्यात खुळखुळत ठेवू नका. बॅग उघडून तपासणाऱ्या माणसाच्या बोटात गळ घुसला तर ती चूक आपली. प्रत्येक गळाचं टोक थर्मोकोलच्या तुकड्यात रोवा, डब्याला चिकटपट्टी लावा आणि वर मोठ्या अक्षरांत 'मासेमारीचे गळ' असं मराठी-हिंदीत लिहा.

बॅटरीचं मात्र उलटं. पॉवर बँक आणि सुटे लिथियम सेल चेक-इनमध्ये चालत नाहीत, ते हातातल्या बॅगेत हवेत. डोक्याच्या बॅटरीतले सेल काढता येत असतील तर काढून, टोकांना चिकटपट्टी लावून हातातच ठेवा. लायटर, काडेपेटी, चहासाठी गॅसची छोटी शेगडी यातलं काहीच आणू नका. चहा इथे आहे.

मोडायची धास्ती रास्त आहे. चार वर्षांपूर्वी मी भावाकडून परत येताना रॉड कापडी पिशवीतून दिला. पट्ट्यावरून आला तेव्हा दिसायला ठीक होता. दुसऱ्या दिवशी पहाटे सागरेश्वरच्या किनाऱ्यावर पहिलीच फेक टाकली आणि शेंड्याकडून हातभरावर 'टक्' असा आवाज झाला. कार्बनच्या पोकळ नळीवर कुणाची तरी जड बॅग बसली होती. वरून ओरखडासुद्धा नव्हता, आत मात्र तडा गेला होता. विमान कंपनीला मी दोष देऊ शकले नाही, कारण विमानतळ सोडताना मी बघितलंच नव्हतं, आणि लेखी तक्रार करायची ती तिथेच, सामानाच्या पट्ट्यापाशी.

तेव्हापासून माझा रॉड पीव्हीसीच्या तीन इंची नळीतून जातो. एक तोंड कायमचं बंद, दुसऱ्याला आट्यांचं झाकण, कारण तपासणीला ते उघडावं लागतं. दोन्ही तोंडं चिकटवून बंद केलेली नळी संशयाने बाजूला निघते आणि आपण दुसऱ्या टोकाला वाट बघत बसतो. आत भरताना शेंड्याचा नाजूक तुकडा बुंध्याच्या जाड तुकड्यांच्या मध्ये घ्या. शेंडा एका दिशेला, बुंधा उलट्या दिशेला. जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांनी तीन ठिकाणी बांधा. दोन्ही टोकांना स्पंज कोंबा. नळी कानापाशी धरून हलवा. आतून आवाज आला, तर अजून स्पंज लागेल.

उतरल्यावर, टॅक्सीत बसायच्या आधी, नळी उघडा आणि रॉडवर तंगूस ओवायच्या ज्या कड्या असतात, त्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवा. कडीच्या आतलं चिनी मातीसारखं कडं कुठे टवका उडून खरबरीत झालं असेल, तर डोळ्याला दिसत नाही, पण कापसाचा एक तंतू तिथे अडकून राहतो. तीच कडी उद्या तुमचं तंगूस कापणार असते, नेमका रावस लागलेला असताना. हे मिनिटभराचं काम आहे.

तुमची खरी अडचण लांबीची आहे. बऱ्याच विमान कंपन्या सामानाची लांबी, रुंदी आणि उंची मिळून 158 सेंटिमीटरची मर्यादा धरतात. बारा फुटी रॉडचे दोन तुकडे म्हणजे प्रत्येकी 183 सेंटिमीटर, नळीसकट बेरीज दोनशेच्या वर. तीन तुकड्यांचा रॉड असेल तर तुकडा सव्वाशेच्या आसपास, नळी धरून बेरीज दीडशेच्या आत राहते. तेव्हा तुमचे रॉड आणायचे असतील तर कंपनीला आधी फोन करा, जादा आकाराच्या सामानाचे पैसे विचारा आणि उत्तर लेखी मागवून घ्या. वजनाची मर्यादा देशातल्या साध्या तिकिटाला बहुतेक 15 किलो असते, नळीचं वजनही त्यातच धरलं जातं. नळी काउंटरवर दिल्यावर वेगळ्या, मोठ्या सामानाच्या जागी पाठवतात. उतरल्यावरही ती कधी पट्ट्यावर येत नाही, कर्मचारी हातात आणून देतो, म्हणून पट्ट्याकडे बघत घाबरून जाऊ नका.

पण मी तुमच्या जागी असते तर बारा फुटी दोन्ही आणलेच नसते. एक आणा. मुलासाठी नऊ फुटी, हलका, तीन-चार तुकड्यांचा रॉड घ्या. तेरा वर्षांच्या पोराला सव्वाशे ग्रॅमचं शिसं फेकायला लावू नये. त्याचे खांदे अजून तेवढे झालेले नाहीत, आणि फेकताना तंगूस तुटलं तर ते शिसं गोळीसारखं सुटतं. तुम्ही स्वतः एवढं शिसं वापरणार असाल, तर पुढच्या टोकाला किमान वीस किलो ताकदीचं जाड तंगूस हवंच, रॉडच्या दुप्पट लांब आणि वर रिळावर पाच-सहा वेढे बसतील इतकं. पोराला तीस-चाळीस ग्रॅमचं शिसं, दहा नंबरचा बारीक गळ आणि त्यावर नखाएवढा कोळंबीचा तुकडा द्या. मुडदुशी तिथेच असते, पहिली लाट फुटते तिच्या अलीकडच्या खळग्यात, गुडघाभर पाण्यात. लांब फेकायची गरजच नाही. पहिल्या पहाटे त्याने चार मुडदुशा काढल्या, की तो पुढची वर्षं तुम्हालाच उठवील.

शिसं तर आणूच नका. वीस शिसं म्हणजे अडीच किलो, आणि तपासणीच्या पडद्यावर ती काळीकुट्ट दिसतात, बॅग उघडायला लावतात. शिसं, तंगूस, गळ इथल्या बाजारात मच्छीमारांसाठी मिळतात, आणि आमच्या वाळूत कुठलं शिसं धरतं ते दुकानदाराला ठाऊक असतं. हैदराबादहून आणायचं ते रॉड, रीळ आणि ज्याची हाताला सवय आहे तो चाकू. तुमचं बाकीचं सामान इथे किनाऱ्याला आहे.

आमिष अर्थातच इथलं. सकाळी बाजारात सुंगटं म्हणजे कोळंबी, तारली, माकूल, जे ताजं असेल ते घ्या. सुंगटं सोलून रात्रभर शिरोड्याच्या खडे मिठात ठेवा. हो, 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहाचं शिरोडा, मिठागरं तिथे आहेत. मिठाने मांस घट्ट होतं आणि फेकताना गळावरून सुटत नाही. ताज्या सुंगटाची अर्धी फेक हवेतच रिकामी होते, हे मी शंभरदा बघितलंय.

मोपाहून वेंगुर्ल्याला गाडीने तास-दीड तास लागतो. चिपीचा विमानतळ आमच्या तालुक्यातच आहे, 2021 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला, पण तिथली उड्डाणं कमी-जास्त होत असतात. तुमच्या तारखेला आहे का ते बघा, नसेल तर मोपा उत्तम.

जागेचं म्हणाल तर मोचेमाडला खाडीचं तोंड आहे. ओहोटीचं पाणी बाहेर पडतं तिथे तांबोशी आणि कधी चोणक मिळते. पण तोंडापाशी ओढ जबर असते, मुलाला घोट्याच्या वर पाण्यात उतरू देऊ नका. मुलाबरोबर शिरोडा-वेळागर किंवा सागरेश्वर बरं. पहाटे मतलई वारा पाठीवर असतो, फेक आपोआप लांब जाते. दुपारी खारा वारा तोंडावर आला की जेवून झोपा. वायंगणीला रात्री गेलात तर बॅटरी बंद ठेवा. नोव्हेंबरपासून तिथे कासविणी अंडी घालायला येतात, उजेड दिसला की माघारी जातात.

आणि शिंगाळा लागला तर हाताने धरू नका. त्याच्या कल्ल्यांमागचे दोन काटे आणि पाठीवरचा एक, तिन्ही विषारी. पकडीने गळ काढायचा, नाही निघाला तर तंगूस कापायचं. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, वेदना उतरते, आणि डॉक्टरकडे जायचं. थर्मासमध्ये गरम पाणी मी त्यासाठीच नेते.

प्रश्न : गरवलेले मासे परत येताना विमानातून आणता येतात का? सासूबाईंनी तोंडभरून मागितलेत.
– एक वाचक, बेंगळूरु

उत्तर : कंपनीप्रमाणे नियम बदलतो, म्हणून आधी विचारा. चालत असेल तर चेक-इनमध्येच, आणि एक थेंबही बाहेर गळता कामा नये. सुटा बर्फ टाकलेला खोका काउंटरवरून परत येतो, कारण बर्फ वितळून दुसऱ्यांचं सामान भिजतं. मासे साफ करून, पुसून, रात्रभर फ्रीझरमध्ये दगडासारखे करायचे, दोन पिशव्यांत गुंडाळायचे आणि थर्मोकोलच्या डब्याला सगळीकडून चिकटपट्टी लावायची. सुका बर्फ वापरणार असाल तर माणशी अडीच किलोची मर्यादा आहे आणि कंपनीची परवानगी लागते.

सासूबाईंसाठी रावस किंवा तांबोशीच्या तुकड्या न्या, त्या टिकतात. मुडदुशी नेऊ नका. तिचा गोडवा दुसऱ्या दिवशी उरत नाही. ती पकडल्या दिवशी, हळद-मीठ आणि तांदळाच्या पिठात, खोबरेल तेलावर तळायची. सासूबाईंनाच एकदा इकडे घेऊन या.

प्रश्न : मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकांवरून गळ टाकायचा आहे. चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तिथे नको. किल्ल्याभोवतीचा 29 चौरस किलोमीटरचा भाग 1987 पासून मालवण सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ, शेवाळ आणि माशांची पिल्लं त्या खडकांत वाढतात. तुम्ही दक्षिणेला देवबागकडे जा, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे. पण उतरण्याआधी जागेवर मच्छीमारांना विचारा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायची वेळ असेल तर तास-दोन तास रॉड खाली ठेवा. ते पाणी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या पोटाचं आहे. दोरी ओढायला हात लावलात तर आमिषाला मूठभर तारली तेच देतील.