स्वतःच्या खर्चानं अभंग रेकॉर्ड केले, तर आयएमआय या संघटनेकडे नोंदणी करावी लागते का?

तुम्ही लिहिलंय की पदरचे पैसे घालून तुकोबांचे चार अभंग रेकॉर्ड केले, आणि आता ओळखीतले सांगतायत, 'आयएमआयकडे नोंदव, नाहीतर कुणीही उचलेल.'

घाबरू नका. पहिल्या रेकॉर्डिंगच्या वेळी मीही असाच घाबरून एका एजंटाला फुकट पैसे मोजले होते. कॉपीराइट रेकॉर्डिंग होताच आपोआप मिळतो, नोंदणीची सक्ती नाही. पुराव्यासाठी करायचीच असेल तर ती सरकारच्या कॉपीराइट कार्यालयात होते.

इंडियन म्युझिक इंडस्ट्री, म्हणजे आयएमआय, ही रेकॉर्ड कंपन्यांची संघटना. १९३६ साली कोलकात्यात वेगळ्या नावानं सुरू झाली, आजचं नाव १९९४ पासूनचं. कायदा बदलायचा असला की सरकारपुढे कंपन्यांची बाजू मांडायची आणि पायरसीविरुद्ध लढायचं, ही तिची मुख्य कामं. (नकली कॅसेटी-सीड्यांवरच्या कारवाईची धुरा एकेकाळी मुंबईचे माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो यांच्याकडे होती, यावरून धंद्याचं किती नुकसान होत असेल ते ओळखा!) गायक-वादकांची बाजू घेणं हे तिचं काम नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नका. तुमच्या उपयोगाची एकच गोष्ट तिच्याकडे आहे, आयएसआरसी. हा प्रत्येक रेकॉर्डिंगचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक. तोही बहुतेक डिस्ट्रिब्यूटर (म्हणजे गाणं ऑनलाइन अ‍ॅपवर पोचवणाऱ्या कंपन्या) गाणं चढवताना स्वतःच देतात.

हॉटेलात, दुकानात वाजणाऱ्या रेकॉर्डिंगचे पैसे गोळा करते ती १९४१ ची पीपीएल (फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड). गीतकार-संगीतकारांसाठी हेच काम करते ती १९६९ ची आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी). ही तीन नावं लोक सर्रास एकमेकांत मिसळतात.

आता खरी मेख. तुकोबांच्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही. रेकॉर्डिंग तुम्ही स्वतः ठरवून, खर्च करून घडवलंय, म्हणजे निर्माते तुम्ही. रेकॉर्डिंगवरचा तुमचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. पण चाल कुणाची? एखाद्या नामवंत संगीतकारानं बांधलेली चाल 'पारंपरिकच आहे' म्हणून गाणारे खूप भेटतात. संगीतकाराच्या निधनानंतरही ६० वर्षं तिच्यावर हक्क राहतो, त्यामुळे परवानगी लागते. चाल तुमचीच असेल तर आयपीआरएसचं सभासदत्व बघा. संगीत संयोजकाशी व्यवहार तोंडी झाला असेल तर आत्ताच कागदावर घ्या, गाणं चाललं की आठवणी बदलतात.

चारही चाली कुठून आल्या ते कळवा, मग पुढचं सांगतो.