वेलीवर सोसायटीचं कर्ज नसतं, मॅडम

"आमच्या आण्णांनी बहात्तरचा दुष्काळ पचवला. मी एका पावसात आडवा झालो. म्हणजे माझ्यातच दम नाही, असंच ना?"

हा प्रश्न माझ्याकडे, समुपदेशनाला येणाऱ्यांकडून, वेगवेगळ्या तोंडांनी येतो. परीक्षेत दुसऱ्यांदा गटांगळी खाल्लेली पोरगी विचारते, धंदा बुडालेला माणूस विचारतो, माहेरी परत आलेली बाई विचारते. बाकीचे सावरतात, मग मीच का नाही? वरच्या शब्दांत ज्यांनी विचारलं ते तासगाव तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार, वय 38. त्यांच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्यांना दादा म्हणायचे.

डिसेंबर 2019. वहिनी त्यांना जवळजवळ ओढूनच घेऊन आल्या होत्या. दादांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. तो तासाभरात सहा वेळा थरथरला, एकदाही उचलला नाही. "औषध दुकानदार," वहिनी हळूच म्हणाल्या.

दादांची सव्वा एकराची मोठी बाग 20 सप्टेंबरला छाटलेली. छाटणीपासून साधारण चाळीस दिवसांनी फुलोरा येतो, आणि बाग सगळ्यात नाजूक असते ती तेव्हाच. नेमकं त्याच वेळी आधी क्यार आणि मागोमाग महा, अशी दोन चक्रीवादळं अरबी समुद्रात उठली आणि ऑक्टोबर संपता संपता पावसानं ठाण मांडलं. गळ झाली, घड कुजले, डावणी रोगानं उरलंसुरलं नेलं. शेजारच्या चुलतभावानं ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात छाटणी घेतलेली. त्याची बाग तेव्हा नुसती फुटत होती, फवारण्या करून निभावली. बांध एकच, पण अलीकडची बाग गेली आणि पलीकडची उभी.

अशा वेळी मी एक प्रश्न आडवळणानं विचारत नाही. "दादा, जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?" असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. दादा म्हणाले, "दोनदा आलं." वहिनींचा पदर तोंडावर गेला. शेतातल्या खोलीत फवारणीच्या औषधांचे डबे उघड्या फळीवर होते. त्याच संध्याकाळी ते कुलपात गेले, किल्ली वहिनींच्या मंगळसूत्राला. दादांना झोप नव्हती, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या. (तेव्हा टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन नव्हती, ती 2022 मध्ये सुरू झाली. आता 14416 हा नंबर मी प्रत्येक घरात लिहून ठेवायला सांगते. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.)

दुसऱ्या भेटीत मी माती खाल्ली. बागायतदार समोर आहे म्हणून मोठ्या उत्साहानं म्हणाले, "दादा, वेल छाटल्यावरच नव्यानं फुटतो की नाही?"

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "वेलीवर सोसायटीचं कर्ज नसतं, मॅडम."

त्या दिवसापासून वेली, फिनिक्स, सोनं तापल्यावर उजळतं वगैरे सगळं मी माझ्या पोतडीतून काढून टाकलं. घाव ताजा असताना उपमा ऐकवणं म्हणजे समोरच्याला गप्प करण्याचा सभ्य मार्ग.

त्यांना खरं काय टोचतंय, ते पुढच्या वेळी सापडलं. बोलता बोलता ते परत परत एकाच तारखेवर यायचे. वीस सप्टेंबर. "थोडं थांबलो असतो तर..." मी कोरा कागद पुढे सरकवला. म्हटलं, त्या दिवशी सकाळी तुम्हाला काय काय ठाऊक होतं, तेवढंच लिहा. नंतर कळलेलं एक अक्षरही नको. त्यांनी लिहिलं: छाटणीची टोळी तेव्हाच मोकळी होती. आगाप, म्हणजे लवकर येणाऱ्या मालाला आदल्या साली दर चांगला मिळाला. पानं पक्व होती, काडी तयार होती. पेन थांबलं.

"वादळ?" मी विचारलं.

"ते तर महिन्यानं आलं."

मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. आगाप छाटणी हा आडाखा असतो. साधला तर दर मिळतो, फसला तर पाऊस. आडाखा चुकला, यावर दादांनी 'मी नालायक' अशी मोहर मारून ठेवली होती. तोटा खरा होता, कागदानं त्यातला एक रुपयाही कमी झाला नाही. पण तोटा आणि गुन्हा यांची खाती वेगळी झाली.

राहिला आण्णांचा दुष्काळ. मी म्हटलं, त्यांनाच घेऊन या. सत्तरीच्या आसपासचे आण्णा धोतर सावरत बसले आणि लेकाचं कौतुकमिश्रित गाऱ्हाणं ऐकून हसलेच. "मी कुठं पचवला रं? एकोणीस वर्साचा हुतो. तुझ्या आज्यानं बैलजोडी इकली आन् चार दीस भाकरीला शिवला न्हाई. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला समदं गाव हुतं. दुपारी मिलोची भाकरी नायतर सुकडी, ती बी समद्यांस्नी तीच. कुणी कुणाला लाजायचं?"

दादांना बैलजोडीची गोष्ट ठाऊकच नव्हती. घराघरांत दुष्काळाची गोष्ट शेवटून सांगतात, निभावलं तिथपासून. मधले उपाशी चार दिवस गाळले जातात, आणि पुढची पिढी स्वतःचे ते चार दिवस त्या गाळीव गोष्टीशी ताडून बघते. शिवाय दुष्काळ सगळ्या गावाचा होता. द्राक्षातला तोटा एकट्याचा असतो, बांधाच्या या बाजूचा.

हवाईतल्या काउआई बेटावर मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा पुढे कित्येक दशकं माग ठेवला. त्यांतल्या गरिबी, भांडणं, आजारपण अशा घरांत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश धडधाकट, कामसू माणसं झाली. त्यांच्यात जे समान दिसलं त्यात एक गोष्ट ठळक होती. घरातलं वा बाहेरचं, निदान एक तरी भरवशाचं माणूस त्यांना होतं. कणखरपणा हाडात असतो म्हणणाऱ्यांना मी हे सांगते. दादांना मात्र सांगितलं नाही, आण्णांनी ते माझ्यापेक्षा बरं सांगितलं होतं.

बाकीचं काम रटाळ म्हणावं इतकं साधं होतं. दादांचा पाऊण एकराचा दुसरा तुकडा उशिरा छाटलेला, वाचलेला. वहिनी एकट्या त्याच्यामागं होत्या, दादा तिकडं फिरकतच नव्हते. ठरलं एवढंच: रोज सकाळी सातला त्या तुकड्यात जायचं. काम केलं तर केलं, नाही तर पाइपवर बसून चहा प्यायचा आणि यायचं. पहिला आठवडा नुसता चहाच झाला. दुसऱ्या आठवड्यात हाताला चैन पडेना, घडांची विरळणी सुरू झाली. दुकानदाराचा फोन त्यांनी माझ्यासमोर उचलला. तळहाताला घाम, आवाज बसलेला. दोन मिनिटांत बोलणं झालं, हप्ते ठरले.

आणि मग मार्च 2020. त्या तुकड्याचा सौदा झालेला, दर ठरलेला, आणि टाळेबंदी लागली. व्यापाऱ्यानं फोन बंद केला. माल वेलीवर. मला बातम्या बघून धडकी भरली. दोन दिवस वाट बघितली आणि मीच फोन लावला.

मागे भांडी आपटल्याचा आवाज, वहिनी कुणावर तरी ओरडत होत्या.

"बेदाणा टाकलाय ताई," दादा म्हणाले. मॅडमची ताई कधी झाले, कळलं नाही. "चुलतभावाच्या शेडवर, त्याचा आणि माझा मिळून. चार किलोला किलो पडेल. पैसे कधी होतील देव जाणे." मग जरा थांबून, "पहिल्या दिवशी परत तसंच झालं. छातीत धडधड, हातपाय गार. वहिनीला सांगितलं तुमच्या."

"मग?"

"मग काय, ती म्हणाली किल्ली माझ्याकडंच आहे, तुम्ही आधी क्रेट उचला."

झोपेचं विचारणार होते, तेवढ्यात तेच म्हणाले, "रात्री रॅकखाली राखणीला झोपतो. डास फार आहेत."