'संमिश्र प्रतिसाद' आधी खोड

गुहागर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

चिपळूणच्या बैठकीचं टिपण मिळालं. वॉल्टर मिलरची 'अ कँटिकल फॉर लीबोविट्झ'सारखी कादंबरी, अणुयुद्धानंतर जुने कागद जपत बसलेल्या मठाची, मराठीतून सांगून दहा-बारा जणांना तीन रविवार बसवून ठेवलंस, याचं कौतुक आहे. पण शेवटी 'एकूण संमिश्र प्रतिसाद' असं लिहिलंयस, ते आधी खोड. आमटी, सोलकढी आणि खीर एकाच वाटीत ओतल्यासारखं झालंय ते.

मत लिहिताना माणूस कुठे उभा राहून बोलतोय, तेही लिहावं. मास्तर म्हणाले, "अणुयुद्धानंतरची गोष्ट, आणि जिथेतिथे मठ आणि पाद्रीच! लेखकाला धर्माचं भारी वेड." हे तू नुसतं उतरवलंस. वॉल्टर मिलर दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानावर होता आणि १९४४ साली इटलीतल्या माँते कासिनोच्या जुन्या मठावरच्या हल्ल्यात त्याचाही हात होता, हे तिथेच सांगायचंस. मठ पाडायला गेलेल्याने पुढे पुस्तकं जपणारा मठ लिहिला. हे कळल्यावर मास्तर काय म्हणाले असते, ते मला वाचायचं होतं. लॅटिन जड गेल्याची तक्रार मात्र मिलरच्या नावावर टाकू नकोस. ती तुझी. निम्मं लॅटिन सांगताना गाळता आलं असतं.

कॉलेजातल्या मुलाची कुरकुर खरी आहे. माणसात जीव गुंतला की तो मरतो आणि गोष्ट सहाशे वर्षं पुढे जाते. मठातला तरुण साधू ब्रदर फ्रान्सिस एका जुन्या विद्युत-आराखड्याची सोनेरी वेलबुट्टीची नक्कल करण्यात पंधरा वर्षं घालवतो. आराखडा कशाचा, ते त्याला कधीच कळत नाही. ती पोपकडे नेताना वाटेत लुटारू नक्कलच पळवतो, कारण डोळ्यांत भरते तीच. परतीच्या वाटेवर फ्रान्सिस बाण लागून मरतो. तिथे मीही चिडून पुस्तक मिटलं होतं. पुढे कधीतरी रत्नागिरीकडे देवूडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, गेलो. कातळात कोरलेला गेंडा. कोकणात आज गेंडा नाही, कोरणाऱ्यांचं नाव-गाव नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या गुरं त्यावरून चरायला गेली. मधली सगळी माणसं गळून गेलेली, खूण तेवढी शिल्लक. त्या दिवशी मिलरच्या उड्या मला पटल्या. त्या पोराशी वाद घालू नकोस, पावसाळा सरला की त्याला सड्यावर घेऊन जा.

'शेवट निराशाजनक' हे मत चौघांनी दिलंय. असो. पुन्हा बॉम्ब पडतात, हे खरंच आहे. पण मठातली काही मंडळी जपलेली कागदपत्रं घेऊन अंतराळयानातून निघून जातात, हे चौघांपैकी एकालाही आठवलं नाही का? की सांगताना तूच घाईत होतीस?

आता जे तू दोन ओळींत उरकलंस त्याकडे येतो. मागच्या बाकावरच्या बाई म्हणाल्या, "पुरात आम्हीही हेच केलं." बस, एवढंच? २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, १८६४ पासूनच्या वाचन मंदिरातली पुस्तकं भिजली, हे तुला मी सांगायला नको. म्हणून काल त्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "चिखलातून काढताना वाचत कोण बसतं? हाताला लागेल ते दोरीवर टाकायचं. ऊन नाही, वीज नाही. सातबारा, पोराची वही, लग्नाच्या पत्रिका, सगळं एकाच दोरीवर." मिलरचे साधू हेच तर करतात! ज्याच्या नावाचा मठ, त्या लीबोविट्झ नावाच्या इंजिनिअरची किराणाची यादीसुद्धा ते पवित्र अवशेष म्हणून जपतात. यादीच्या त्या प्रसंगाला विनोद म्हणून सोडून देणं सोपं आहे. बाईंना तो विनोद वाटलाच नाही, आणि माझ्या मते त्या दिवशी कादंबरी त्यांच्याइतकी कुणी वाचली नाही. त्यांनी तर ती नुसती ऐकली होती.

टिपण त्यांच्यापासून सुरू कर. मास्तर दुसरे. माझं मत कुठेच नको.

आणि एक विचारायचं राहिलं, लाइन कट झाली. त्या दोरीवर असा एखादा कागद होता का, जो कशाचा आहे ते अजून कुणालाच कळलेलं नाही, पण टाकवतही नाही? रविवारी भेटशील तेव्हा विचार आणि कळव.

तुझे,
सर