आमच्या भागातलं बोटिंगचं मासिक इतकं बारीक का झालं? इंटरनेटनेच ते संपवलं का?

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत. दीडशे पानांचा अंक चाळीस पानांवर आला, दर महिन्याचा होता तो दोन महिन्यांनी येऊ लागला, आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला तरी ‘आपल्या पाण्याबद्दल’ त्यात काही सापडत नाही. हे सगळं इंटरनेटमुळे झालं का, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी त्यामुळेच झाल्या. तिसरी मात्र आम्ही मासिकवाल्यांनी आपल्या हाताने केली, आणि माझ्या मते खरं नुकसान तिथे झालं.

मी अशाच एका मासिकात अकरा वर्षं होते. एका किनारपट्टीपुरतं चालणारं, गोद्या, होडीच्या सामानाची दुकानं आणि क्लब यांच्या जिवावर उभं असलेलं मासिक. सुरुवातीला मी छोट्या जाहिराती घ्यायचे, पुढे पानं लावायला लागले. ते मासिक आता बंद आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथे काम केलेली माणसं अजून हयात आहेत आणि त्यांनी जीव तोडून काम केलं होतं.

सुरुवात छोट्या जाहिरातींपासूनच करते, कारण बाहेरच्या माणसाला त्यांचं मोल कळत नाही. अंकाच्या शेवटच्या पंधरा-वीस पानांवर बारीक टायपात ओळीने लागलेल्या जाहिराती: ‘२६ फुटी, फायबरची, १९७४ ची बांधणी. मोठं शीड दोन वर्षं जुनं, पुढचं थकलेलं. इंजिनाला काम आहे. गुडघे साथ देत नाहीत म्हणून देतोय. चांगल्या हाती जावी.’ फोन नंबर. बस. अशी एकेक जाहिरात म्हणजे किरकोळ रक्कम, पण महिन्याला शेकड्यांनी यायच्या, पैसे आगाऊ मिळायचे, आणि कुणा एजंटाला कमिशन द्यावं लागायचं नाही. मोठा जाहिरातदार बिल तीन-तीन महिने थकवायचा, तेव्हा छापखान्याचं देणं भागायचं ते या चार ओळीवाल्यांच्या पैशांतून.

आणि वाचक अंक मागून उघडायचे. आधी छोट्या जाहिराती, मग बाकीचं. ज्याला होडी घ्यायची नव्हती तोही वाचायचा, कारण त्याला वर्णनावरून होडी ओळखू यायची. अमक्या धक्क्यावरची ती निळी, तिचा मालक विकतोय म्हणजे तब्येत बरी नसणार. मग फोन व्हायचे, भेटी व्हायच्या. मी जाहिराती फोनवर उतरवून घ्यायचे तेव्हा चार ओळी सांगायला माणसं वीस मिनिटं बोलायची. काही जण मजकूर सांगता सांगता गप्प व्हायचे. तीस वर्षं सांभाळलेली होडी विकायला काढणाऱ्या माणसाशी बोलणं हे जाहिरात घेण्यापेक्षा बरंच मोठं काम होतं, आणि मला ते फार आवडायचं.

हा सगळा पाया काही वर्षांत निघून गेला. त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात दिसतं. तिथे १९७७ मध्ये रिचर्ड स्पिंडलर यांनी ‘लॅटिट्यूड ३८’ हे मासिक सुरू केलं. नाव तिथल्या अक्षांशावरून. अंक गोद्यांवर आणि दुकानांत फुकट ठेवायचे, खर्च सगळा जाहिरातींतून. प्रादेशिक बोटिंग मासिक कसं असावं याचा तो नमुनाच होता. शेजारीच, सॅन फ्रान्सिस्को शहरात, १९९५ मध्ये क्रेग न्यूमार्क यांनी ओळखीच्यांना ईमेलने कार्यक्रमांची यादी पाठवायला सुरुवात केली. तिचीच पुढे क्रेग्जलिस्ट झाली. तिथे तेव्हा जाहिरात फुकट, शब्दांना मर्यादा नाही, फोटो जोडता येतात, आणि टाकल्या दिवशी फोन येतात. आमच्याकडे महिन्याच्या मध्यावर मजकूर घ्यायचा, पुढच्या महिन्यात छापायचा. अंक हातात पडेपर्यंत होडी विकली गेलेली असायची. या स्पर्धेत आम्ही टिकलो असतो असं मी आजही म्हणणार नाही. तो पैसा जाणारच होता.

मोठ्या जाहिरातींची गोष्ट वेगळी आहे आणि ती इंटरनेटच्या आधीपासूनची आहे. १९५९ च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये कार्ल आल्बर्ग यांनी आखलेली २८ फुटी ‘पियरसन ट्रायटन’ आली आणि फायबरग्लासच्या शिडाच्या होड्या शेकड्यांनी बनू लागल्या. पुढची वीस वर्षं भागाभागांत होडी बांधणारे कारखाने निघाले आणि प्रत्येकाला जवळच्या मासिकात पान हवं होतं. पण फायबर लाकडासारखं कुजत नाही. सत्तरच्या दशकातली होडी नीट ठेवली तर आजही पाण्यावर आहे. म्हणजे नवी होडी विकणाऱ्याला आपल्याच जुन्या होडीशी झगडावं लागलं, आणि दर मंदीत काही कारखाने गळत गेले. अमेरिकेत १ लाख डॉलरच्या वर किंमत असलेल्या होड्यांवर १९९१ पासून १० टक्के चैनीचा कर लागला. तो १९९३ मध्ये उठवला, पण तोवर मंदी आणि कर यांच्या कात्रीत अनेक बांधणीवाल्यांनी माणसं कमी केली होती. मग २००८ ची पडझड. ‘जेनमार’सारख्या, अनेक ब्रँड पोटात असलेल्या बड्या कंपनीने २००९ च्या जूनमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. होड्यांचा धंदा आजारी पडला की जाहिरातीचं पान सगळ्यात आधी जातं.

सामानाच्या दुकानांचंही तेच. एकेका बंदरात दोन-तीन दुकानं असायची, प्रत्येकाची पाव पानाची जाहिरात ठरलेली. ती एकेक करून मिटली किंवा साखळी दुकानांत विरघळली, आणि साखळीचा जाहिरातीचा निर्णय कुठल्या तरी दूरच्या मुख्यालयात व्हायचा. तिथल्या माणसाने आमची खाडी नकाशावरसुद्धा पाहिलेली नसायची.

पानं कशी घटतात हेही सांगते, कारण तुम्ही नेमके आकडे दिलेत. मासिक एकेका पानाने बारीक होत नाही. कागदाचा मोठा ताव छापून घड्या घालतात, त्याचा सोळा पानांचा एक फर्मा होतो. जाहिराती कमी पडल्या की अख्खा फर्माच गळतो. एका ठरावीक जाडीच्या खाली अंकाला चौकोनी कणा राहत नाही, मधोमध पिना मारून काम भागवावं लागतं. आमचा पहिला पिनांचा अंक छापून आला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. तोवर कण्यावर महिना आणि वर्ष छापलेलं असायचं. लोक होडीतल्या फळीवर अंक उभे लावायचे आणि हवा तो नेमका उपसून काढायचे. कणा गेला तसे अंक आडवे पडले, ढिगात गेले, आणि ढिगातून रद्दीत. त्यात छापील प्रती जितक्या कमी, तितका प्रत्येक प्रतीचा खर्च जास्त, कारण प्लेट बनवण्याचा आणि यंत्र लावण्याचा खर्च शंभर प्रतींना तोच आणि दहा हजारांनाही तोच. पुढे छापखानेही घटत गेले. २०२० च्या एप्रिलमध्ये तर ‘एलएससी कम्युनिकेशन्स’ हा अमेरिकेतला मासिकं छापणारा फार मोठा छापखाना दिवाळखोरीत गेला.

आता तिसरी गोष्ट.

आमच्याकडे दर अंकात एक बंदराचं पान असायचं. लिहिणारे एक निवृत्त पायलट होते, मोठी जहाजं बंदरात आणून लावणारे. दर महिन्याला एक खाडी किंवा धक्का घ्यायचे. स्वतःच्या छोट्या होडीतून जायचे, शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडून खोली मोजायचे, आणि लिहिताना तारीख, वेळ, भरती किती झाली होती हे सगळं द्यायचे. ‘डाव्या हाताच्या खडकावर पांढरी खूण आहे ती भरतीत दिसत नाही, तेव्हा चिमणी आणि देवळाचा कळस एका रेषेत धरा’ असलं त्यांचं लिहिणं. एका हिवाळी वादळानंतर आमच्या भागातल्या एका खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा सरकला. अधिकृत नकाशात ते यायला बराच काळ गेला. आमच्या पानावर पुढच्याच अंकात आलं, कारण तीन वाचकांनी आपापली मोजमापं पत्रांतून पाठवली होती. एकाच्या पत्रावर पाण्याचे डाग होते आणि आकडे पेन्सिलीने लिहिलेले होते. ते पत्र मी अजून ठेवलंय.

हे पान बंद झालं. कारण साधं होतं: त्याच्या शेजारी जाहिरात लागत नव्हती. त्या जागी दूरच्या निळ्याशार बेटांवरच्या भाड्याच्या होड्यांचे लेख आले, कारण पर्यटन कंपन्या पानभर जाहिरात द्यायच्या. नव्या उपकरणांची पत्रकं आली, कंपनीने लिहून पाठवलेली, आम्ही दोन शब्द बदलून लावलेली. ती पानं मीच लावली. तेव्हा मला ते चुकीचं वाटत होतं आणि मी बोलले नाही.

बेटांचे लेख वाचायला कुणाला प्रादेशिक मासिक लागत नाही, ते सगळीकडे मिळतात. आमच्या वाळूच्या दांड्याची बातमी दुसरीकडे कुठेच नव्हती. बंदराचं पान गेल्यावर पत्रं आटली, आणि पत्रं आटली तशी आम्हाला पाण्यावर काय चाललंय तेच कळेनासं झालं. त्याच सुमाराला, २००७ मध्ये, ‘ॲक्टिव्ह कॅप्टन’सारखी सेवा सुरू झाली. तिच्यावर होडीवालेच धक्के, नांगर टाकायच्या जागा आणि धोके नोंदवू लागले. २०१७ मध्ये गार्मिन या दिशादर्शक उपकरणांच्या कंपनीने ती विकत घेतली, आणि आज ती माहिती थेट सुकाणूसमोरच्या पडद्यावर येते. ही सोय उत्तम आहे, मी स्वतः वापरते. पण लोकांना आपली मोजमापं कुठे तरी द्यायची होतीच. ती घेणारं दार आम्ही बंद केलं होतं.

छापील गोष्ट टिकूच शकत नाही, असं कुणी म्हणालं तर मी ‘एल्ड्रिज टाइड अँड पायलट बुक’ दाखवते. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधलं हे भरती-ओहोटीचं वार्षिक १८७५ पासून निघतंय. मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ वाऱ्याची वाट बघत नांगरलेल्या जहाजांवरचे लोक ‘प्रवाह कधी फिरणार?’ हे नकाशे विकणाऱ्या एल्ड्रिजना पुन्हा पुन्हा विचारायचे. त्यातून ते तक्ते झाले. म्हणजे वाचकाचा प्रश्न आधी, छपाई नंतर.

दुसरं उदाहरण सिअ‍ॅटलच्या बाजूचं. ‘४८ डिग्रीज नॉर्थ’ हे १९८१ पासूनचं सेलिंगचं मासिक २०१८ मध्ये पोर्ट टाउनसेंडच्या नॉर्थवेस्ट मेरिटाइम सेंटरकडे गेलं. ही ना-नफा संस्था आहे, होड्या बांधायला आणि चालवायला शिकवते, शर्यती भरवते. अशा घरात मासिकाला एकट्याने पोट भरावं लागत नाही. ‘लॅटिट्यूड ३८’ नेही १९९४ मध्ये सॅन डिएगोहून मेक्सिकोतल्या काबो सान लुकासपर्यंतची ‘बाहा हा-हा’ ही सहल सुरू केली, जवळजवळ साडेसातशे सागरी मैलांची. वाचक एकत्र पाण्यात उतरले की त्यांना एकमेकांबद्दल वाचायचं असतं.

तुमचं मासिक वाचेल का? दर महिन्याचं, दीडशे पानी, फुकट वाटलेलं मासिक परत येणार नाही. वर्षाला चार अंक, वर्गणीवर, एखाद्या क्लबच्या किंवा सेलिंग शाळेच्या आधाराने, आणि निम्मी पानं तुमच्याच पाण्याची, इतकं मात्र होऊ शकतं. संपादकाला तक्रारीचं पत्र लिहू नका. तुम्ही जिथे होडी लावता तिथल्या मुखाची खोली मोजा, तारीख-वेळ-भरतीसह लिहून पाठवा, पुढच्या महिन्यात परत पाठवा, आणि आणखी दोघांना पाठवायला लावा. चाळीस पानं भरताना संपादकाच्या नाकी नऊ येतात, हे मी जवळून पाहिलंय. असं पत्र तो बाजूला टाकत नाही.

आणि घरात जुने अंक असतील तर ते रद्दीत देऊ नका. आधी बंदरांची पानं स्कॅन करून घ्या, महिना आणि वर्ष दिसेल अशी. छोट्या जाहिरातींची पानं वगळू नका. कुणाची होडी कुठे बांधली गेली, कुणाकडून कुणाकडे गेली, हे त्या चार ओळींशिवाय दुसरीकडे कुठेच नोंदलेलं नाही.