'म्हणून' नंतर कोरी जागा

"मॅडम, बारावीपर्यंत मी हुशार होते. इथे आल्यावर ढ झाले. असं होतं का?"

कॉलेजच्या समुपदेशन कक्षात गेली काही वर्षं बसते आहे. पहिल्या वर्षाची मुलं जानेवारीत, म्हणजे पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला की, हा प्रश्न हमखास घेऊन येतात. कोणी रडत विचारतं, कोणी हसण्यावारी नेतं. ही मुलगी रडत नव्हती. बी.एस्सी. पहिलं वर्ष, दहावीपर्यंत गावातली मराठी शाळा, बारावीला ८१ टक्के, आणि आता गणिताचा विषय राहिलेला. सोयाबीनचे पैसे आले की क्लास लावू, असं वडील फोनवर म्हणाले होते. त्या वाक्यानेच तिची झोप उडाली होती. (तिची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

पहिल्या भेटीत मी चुकले, ते आधीच सांगते. परीक्षेची भीती, घराची आठवण, होस्टेलची अपुरी झोप, हे सगळं तिच्यात होतं, म्हणून मी तेच धरलं. श्वासाचा व्यायाम दिला, वेळापत्रक आखून दिलं. आठवड्याने ती आली, वेळापत्रक काटेकोर पाळलेलं, आणि म्हणाली, "रोज दोन तास बसते मॅडम. पण बसून करू काय?"

मग मी वही मागितली. सुरेख अक्षर, फळ्यावरची ओळ न् ओळ उतरवलेली. एका पानावर मात्र 'म्हणून' लिहिलं होतं आणि पुढे अर्धं पान कोरं. "इथे काय झालं?" "सरांनी फळा पुसला." "विचारलं नाहीस?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, मी हे विचारायला नको होतं. "काय विचारणार? मला काहीच कळलं नव्हतं. आणि इंटर्नलचे मार्क सरांच्याच हातात."

सरांशी बोलू का, असं विचारल्यावर ती घाबरली. तुझं नाव येणार नाही, कुठल्याच विद्यार्थ्याचं येणार नाही, असा शब्द दिला तेव्हा कुठे हो म्हणाली. मी सरांना एवढंच म्हटलं की, पहिल्या वर्षाच्या मुलांचा तास कसा चालतो ते मला पाहायचं आहे, मागे बसू का? ते "बसा की" म्हणाले. सगळेच असं म्हणत नाहीत.

तास चांगला झाला. सर तयारी करून आले होते, विषय येत होता, आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत होता. शेवटच्या दोन मिनिटांत त्यांनी डस्टर उचललं, फळा पुसता पुसता विचारलं, "एनी डाउट्स?" पाठ वर्गाकडे. वर्ग एका सुरात "नो सर." घंटा झाली.

नंतर चहाला बसलो तेव्हा मी त्या डस्टरबद्दल बोलले. ते थोडे दुखावले. "मी रोज विचारतो मॅडम. एकदा एक मुलगा उठला, म्हणाला, सर पहिल्यापासून सांगा. पहिल्यापासून म्हणजे कुठून? अख्खा तास त्यातच गेला, पोर्शन मागे पडला. घरी पान उघडायचं नाही आणि इथे येऊन काहीच कळलं नाही म्हणायचं."

सर तासिका तत्त्वावर होते. सकाळी आमच्याकडे, दुपारी बावीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॉलेजात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत पूर्णवेळ शिक्षकाने आठवड्याला ४० तास कामाचे द्यावेत, रोज किमान ५ तास कॉलेजात उपलब्ध असावं, असं आहे. त्या पाच तासांतच 'सर, जरा एक मिनिट' म्हणत मुलं येतात. तासिकेवरच्या माणसाला पैसे तासाचे, तास संपला की मोटरसायकलला किक. त्यांना बसायला टेबलही नव्हतं. आमच्याकडे मेंटॉर-मेंटी रजिस्टर आहे, प्रत्येक मुलामागे एका शिक्षकाचं नाव आहे, आणि त्या रजिस्टरवरच्या वर्षभराच्या सह्या कधी होतात हे कॉलेजात काम केलेल्या कोणालाही सांगायला नको.

म्हणजे गंमत अशी होती की, मुलगी म्हणत होती 'काहीच कळलं नाही' आणि सर म्हणत होते 'एनी डाउट्स'. दोघांनाही वाटत होतं, आपण आपलं काम केलं. पण त्या दोन्ही वाक्यांना उत्तर देता येत नाही.

मी सरांना एकच सुचवलं. तासाची शेवटची तीन मिनिटं डस्टरला हात लावायचा नाही. प्रत्येकाने अर्ध्या कागदावर नाव न घालता लिहायचं, आज कुठल्या ओळीला गाडी थांबली. सर म्हणाले, पोरं टवाळी करतील. मी म्हटलं, करू देत, पहिल्या दिवशी.

तिला सांगणं जास्त अवघड गेलं. उद्याच्या भागाची दोन पानं आदल्या रात्री वाचून जा, म्हटल्यावर ती म्हणाली, "वाचून कळलं असतं तर सर कशाला लागले असते?" रास्त प्रश्न होता. मी म्हटलं, कळण्यासाठी वाचू नकोस. कुठे कळेनासं होतं ती जागा सापडेपर्यंत वाच, तिथे पेन्सिलने रेघ मार आणि पुस्तक मिट. मग कागदावर तिला हिशेब करून दाखवला. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत विषयाचं वजन क्रेडिटमध्ये मोजतात, आणि एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात मात्र एका क्रेडिटमागे शिकण्याचे ३० तास धरलेले आहेत. दोन क्रेडिटचा पेपर असेल तर ३० तास सरांसमोर आणि जवळपास तेवढेच तुझे तुझ्यापाशी. ती बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिली. "हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही." खरंच सांगत नाहीत. क्लासमध्ये छापील नोट्स हातात पडायच्या, पाठ केल्या की झालं. कॉलेजात आल्यावर अर्धं ओझं आपल्याकडे आलेलं असतं आणि मूल नोट्सची वाट बघत बसतं.

पहिल्या दिवशी २३ चिठ्ठ्या आल्या. दोघांनी पंखा बंद असल्याची तक्रार केली होती, एकाने चारोळी लिहिली होती. ('सरांपेक्षा फळा बरा' अशी काहीशी. सर त्यावर मनापासून हसले, तेव्हाच मला वाटलं, जमेल.) पण अकरा चिठ्ठ्या एकाच ओळीवर अडल्या होत्या. लिमिटची व्याख्या. प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असतो, ती. आणि अडचण गणिताची नव्हतीच. 'देअर एक्झिस्ट्स' म्हणजे काय, 'आर्बिट्ररी' म्हणजे कोणता आकडा, असं मुलं विचारत होती. एकीने लिहिलं होतं, 'आर्बिट्ररी हे कोणा शास्त्रज्ञाचं नाव आहे का?' ती आमचीच का, हे मी विचारलं नाही.

सर चिठ्ठ्या हातात घेऊन माझ्या खोलीत आले. "चार वर्षं ही व्याख्या शिकवतोय. मला वाटायचं, हे लॉजिकमध्ये कच्चे आहेत."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मागच्या बाकावर. सरांनी दोन मुलांना समोर उभं केलं आणि मराठीतून खेळ लावला. एक्स तीनच्या जवळ गेला की २एक्स सहाच्या जवळ जातो. एकाने मागायचं, दुसऱ्याने द्यायचं. "सहापासून ०.१ च्या आत हवं." "मग एक्सला तीनपासून ०.०५ च्या आत ठेव." "०.०१ च्या आत!" "०.००५!" मागणारा कितीही खट्याळ असू दे, देणाऱ्याकडे उत्तर तयार: मागितलेल्याचं निम्मं. "तू मागशील ते एप्सिलॉन. कितीही माग, तुझी मर्जी, त्यालाच आर्बिट्ररी म्हणतात. मी देतो तो डेल्टा. मला दरवेळी देता आला पाहिजे, ते देअर एक्झिस्ट्स." मी गणित दहावीला सोडलेली बाई, मलाही कळलं.

इथे थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. फेब्रुवारीत स्नेहसंमेलन आलं, वर्ग रिकामा झाला, चिठ्ठ्या सहावर आल्या आणि त्या सहांतल्या चारांवर 'काहीच कळलं नाही'. सर चिडले. "मी कोणासाठी करतोय हे?" चिठ्ठ्या बंद.

मी मध्ये पडायचं टाळलं. माझा हात शिवशिवत होता, पण टाळलं. चौथ्या दिवशी ती आणि वर्गातले तिघं पार्किंगमध्ये सरांना गाठायला गेले. तिने मला नंतर सांगितलं, "पाय लटपटत होते, मॅडम." त्यांनी सरांना सांगितलं, चिठ्ठ्या आम्ही गोळा करू. पान नंबर आणि ओळ नसेल ती चिठ्ठी तुमच्यापर्यंत येणारच नाही. सारख्या शंका एकत्र करून देऊ. आणि ज्या आम्हाला आमच्यात सुटतील त्या देणारच नाही. सर हेल्मेट हातात घेऊन ऐकत होते. मग म्हणाले, बुधवारी अर्धा तास आधी येतो, पण बसायचं कुठे?

तेवढं मात्र मी केलं. प्राचार्यांकडे दोनदा गेले, तिसऱ्यांदा लेखी अर्ज दिला, तेव्हा बुधवारी साडेनऊ ते दहा एक खोली मिळाली. किल्ली शिपाईमामांकडे, त्यामुळे पहिले दोन बुधवार जिन्यात गेले.

तिचा राहिलेला विषय सुटला. ५० पैकी २४. क्लास लावला नाही. सेमिस्टर दोनच्या गणितातही पास झाली, फार काही मार्क नाहीत. ढ झाले का, हा प्रश्न तिने पुन्हा काढला नाही, मीही आठवण करून दिली नाही.

जूनच्या शेवटी ती खोलीत आली, तेव्हा सर नव्हते. तासिकेची नेमणूक संपली, नवीन यादीत त्यांचं नाव नव्हतं. ते आता फक्त त्या बावीस किलोमीटरवरच्या कॉलेजात शिकवतात. दुसऱ्या वर्षाला नवीन मॅडम आल्या होत्या.

"पहिल्याच तासाला आम्ही चिठ्ठ्या गोळा करून त्यांना नेऊन दिल्या," ती म्हणाली.

"मग?"

"आधी त्यांना वाटलं, तक्रार आहे. मग सांगितलं, कशाच्या आहेत ते. त्यांनी दोन वाचल्या, बाकीच्या पर्समध्ये ठेवल्या. म्हणाल्या, बघते."

"आणि पुढच्या तासाला?"

"पुढचा तास उद्या आहे, मॅडम."