शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या पडद्यावर (रेटिनावर) पुन्हा नव्या रक्तवाहिन्या आल्यास लेझर घ्यावे की इंजेक्शन?

मधुमेहामुळे आपल्या आईंच्या डोळ्याची व्हिट्रेक्टॉमी (डोळ्याच्या आतील जेलीसारखा भाग काढण्याची शस्त्रक्रिया) झाली, तरी पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या पुन्हा आल्या. आता देवगडहून दर महिन्याला इंजेक्शनसाठी कोल्हापूर गाठावे की लेझर करून घ्यावे, असे आपण विचारले आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यात पडद्याचे रुग्ण पाहतो. रिपोर्ट पाहिल्याशिवाय ठाम मत देता येणार नाही, पण माझा कल लेझरकडे आहे.

शस्त्रक्रियेत साचलेले रक्त आणि पडद्याला ओढणाऱ्या जाळ्या निघतात. रक्तपुरवठा तुटलेला भाग मात्र तसाच राहतो, व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडत राहतो आणि त्यातूनच सहज फुटणाऱ्या नाजूक वाहिन्या पुन्हा उगवतात. बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब किंवा अफ्लिबरसेप्ट ही इंजेक्शने हे प्रथिन अडवतात आणि वाहिन्या थोड्याच दिवसांत आक्रसतात. पण औषध ओसरले की मूळ कारण तिथेच असते. लेझरमुळे त्या भागाची प्राणवायूची गरजच घटते, म्हणून परिणाम टिकतो. त्यापायी कडेची आणि रात्रीची नजर थोडी कमी होऊ शकते, हे आईंना आधी सांगावे.

आंब्याचा हंगाम, मग पावसात बंद पडणारा घाट, मग गणपती, अशा कारणांनी आपल्याकडे तारखा हुकतात, आणि केवळ इंजेक्शनवर असलेला रुग्ण तपासणीला येईनासा झाला, तर लेझर झालेल्या रुग्णापेक्षा त्याच्या डोळ्याचे नुकसान अधिक होते.

लेझर आधीच झाले असेल, तर फ्लुरेसीन अँजिओग्राफी करून घ्यावी. हाताच्या शिरेतून रंगद्रव्य दिल्यावर गळणाऱ्या वाहिन्या चित्रात पांढऱ्या, पसरट दिसतात, रक्तपुरवठा नसलेला भाग काळा राहतो, आणि जुन्या लेझरच्या ठिपक्यांमध्ये, विशेषतः अगदी कडेला, कोणती जागा सुटली आहे ते कळते. (नंतर लघवी गडद पिवळी होते, घाबरू नये.) ताज्या रक्तामुळे पडदाच दिसत नसेल, तर आधी इंजेक्शन आणि रक्त निवळल्यावर लेझर हा क्रम योग्य, ते निवळलेच नाही, तर पुन्हा शस्त्रक्रिया करून रक्त काढावे लागते.

बाहुली मोठी करणारे थेंब घालण्यापूर्वी डॉक्टरांना बुबुळ (बाहुलीभोवतीचा रंगीत भाग) तपासण्याची विनंती अवश्य करा, कारण बाहुलीच्या कडेला आलेल्या नव्या बारीक वाहिन्या नंतर सहज नजरेतून सुटतात. त्या तिथे आढळल्या, तर काचबिंदूचा धोका असतो आणि मग इंजेक्शन लगेच द्यावे लागते; हंगाम संपण्याची वाट पाहता येत नाही.